जास्त दाबलं की कमी

खरं सांगायचं तर सूनबाईला रिमोट, मोटर, इन्फ्रारेड वगैरे काही म्हणजे काही करायचं नव्हतं. तिला फक्त चढलेला आवाज खाली आणायचा होता. (ॲम्प्लिफायरचा नव्हे. सासूबाईंचा.)

चढलेला आवाज तिला सोसायचाच नाही. दाराची बेल वाजली की ती दचकायची, टोस्टरमधून पाव वर उडाला की दचकायची, आणि शिंक आली तर शिंकून झाल्यावर 'हे कोण?' अशा नजरेने आजूबाजूला बघायची. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात नवऱ्याने तिचं नाव 'दचकू' ठेवलं होतं. त्यालाही ती पहिले चार-पाच दिवस दचकली.

तर त्या संध्याकाळी हॉलमध्ये नेहमीचा कार्यक्रम चालू होता. बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, गुडघा बदलून महिना झाला होता. बाबा या टोकाला खुर्चीत, ॲम्प्लिफायर त्या टोकाला भिंतीशी, आणि मध्ये मोजून सात पावलं. काठी टेकत चालायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण बाबा पडले सावध. 'हरकत नाही' म्हणजे 'गरज आहे' असं नव्हे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. त्यामुळे ती सात पावलं आई चालायच्या.

"जरा कमी."

आई विणकाम खाली ठेवून उठल्या. नॉब फिरवला. येऊन बसल्या.

"एवढं नाही गं. केसभर जास्त."

आई उठल्या.

"हं... हं... बस! नाही, मगाचचंच बरं होतं."

आई उठल्या, पण या वेळी नॉबकडे गेल्या नाहीत. खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, गुडघा तुमचा बदललाय आणि झिजतोय माझा! आज मोजलं मी. एकोणचाळीस वेळा उठले. स्वेटरची बाही विणायला घेतली होती, तिचा मोजा व्हायची वेळ आली. ते काही नाही. रविवारपर्यंत काहीतरी सोय करा. नाहीतर सोमवारी सकाळी भंगारवाल्याला बोलावते आणि हे पेटाड देऊन टाकते!"

पेटाड! बाबांचा चेहरा पार उतरला. कारण ते पेटाड दुकानातून आणलेलं नव्हतं. बाबा सिनेमाच्या थिएटरात साउंड ऑपरेटर होते, आणि तीस वर्षांपूर्वी त्यांनी तो ॲम्प्लिफायर स्वतःच्या हाताने बांधला होता. लोखंडी पेटी, तिला अठरा स्क्रू आणि दर्शनी बाजूला बशीएवढा नॉब. शिवाय येत्या रविवारी त्यांचा जुना सोबती, थिएटरातला दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, पाच वर्षांनी घरी येणार होता. हा ऑपरेटर गेली तीस वर्षं एकच गोष्ट म्हणत आला होता: "सगळं छान आहे रे, पण तुझ्या पेटीत एक माशी आहे." माशी म्हणजे ती बारीक गुणगुण, जी चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये असता कामा नये. रविवारी त्याला माशी नाही हे ऐकवायचं होतं, आणि सोमवारी पेटीच जाणार होती.

"भंगारात?" बाबा एवढंच म्हणाले. तेही इतक्या हळू, की सूनबाईला ते ऐकायला पुढे वाकावं लागलं.

"त्याला रिमोट लावता येईल की!"

हे कोण बोललं म्हणून सूनबाईने वळून पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"तू?" नवरा म्हणाला. "अगं ए दचकू, परवा बल्ब बदलताना स्टूल मी धरलं होतं, बल्ब मी धरला होता, आणि किंचाळलीस तू."

हे खरं होतं. पण सूनबाई इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर होती, हेही खरं होतं. दुकानातले वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत ती सर्किट तपासायची. आता ते सगळं काम पाच व्होल्टचं असतं आणि पाच व्होल्टला मुंगीसुद्धा दचकत नाही, ही बाब तिने घरच्यांपासून गुप्त ठेवली होती.

बाबांनी सुनेकडे एकदा नीट निरखून पाहिलं. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक छोटा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला. (हा स्क्रूड्रायव्हर ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा खिशात निघाला होता. नर्सने तो काढून घेतला तेव्हा 'नंबर लावून ठेवा' असं त्यांनी बजावलं होतं.) तो त्यांनी सूनबाईच्या हातावर ठेवला.

"बाळ, ही पेटी माझ्याशिवाय आजवर कुणी उघडलेली नाही. ह्यानेसुद्धा नाही."

"मला कधी दिलाच नाही तुम्ही!" नवरा म्हणाला.

"म्हणूनच चालतेय अजून," बाबा म्हणाले.

त्या रात्री सूनबाईला जेवण गेलं नाही. पेटी बिघडली तर ती भंगारात जाणार हे होतंच. पण ज्या माणसाने पोटच्या मुलाला दिला नाही तो स्क्रूड्रायव्हर तिला दिला होता. त्या एवढ्याशा वस्तूने तिचा हात भरून आला.

बेत तसा साधा होता. जुना व्हॉल्यूम कंट्रोल काढायचा आणि त्या जागी मोटर लावलेला बसवायचा. रिमोटचं बटण दाबलं की पुढच्या बाजूला बसवलेला सेन्सर तो न दिसणारा प्रकाश ओळखणार, एक इवलीशी चिप मोटरला सांगणार, आणि मोटर नॉब फिरवणार. हाताने फिरवायचा म्हटला तरी तो फिरेल. बाबांचा नॉब जाणार नाही, आईंचा गुडघा जाणार नाही. रिमोट म्हणून बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा एक म्हातारा रिमोट ड्रॉवरमध्ये होताच. त्यावरची चिन्हं पुसट झाली होती, पण बटणं जिवंत होती.

अडचण एकच होती. पेटी उघडायला हवी होती. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही करंट दडून बसलेला असतो, हे ती पुस्तकात शिकली होती. तेव्हा तिने प्लग काढून पेटी एक अख्खा दिवस तशीच ठेवली. मनाचं समाधान व्हावं म्हणून आणखी एक दिवस ठेवली. मग आईंचे भांडी घासायचे रबरी मोजे, नवऱ्याचे गमबूट आणि कॉलेजातला चष्मा असा वेष करून ती हॉलमध्ये उतरली.

"कुठे, समुद्रात निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

अठरा स्क्रू निघाले. झाकण उचललं. आत बघून सूनबाई चाटच पडली. एकेक तार मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेली, शाळेतल्या मुलींच्या वेण्यांसारखी. आणि जागोजागी बाबांच्या अक्षरात चिठ्ठ्या. 'इथे हात लावू नये.' 'इथेही नको.' 'इथे तर मुळीच नाही.' आणि मोठ्या कपॅसिटरवर एक: 'सांगितलं होतं ना?'

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि पाच मिनिटं नुसती उभी राहिली. (त्या पाच मिनिटांत तिने राजीनाम्याचं पत्र मनातल्या मनात पूर्ण लिहिलं. सुनेच्या पदाचा राजीनामा कुणाकडे द्यायचा, एवढंच ठरेना.)

पण काम झालं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोटर बसली, सेन्सर बसला, अठराच्या अठरा स्क्रू जागेवर गेले. चिपला लॅपटॉप जोडायची तेवढी एक केबल तिने मागच्या बाजूने बाहेर लोंबती ठेवली. बाबा काठी घेऊन बाहेर पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होते. आई स्वयंपाकघरात, नवरा आतल्या खोलीत. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, अशी खात्री करून तिने एक संथ व्हायोलिन लावलं, रिमोट रोखला आणि डोळे मिटून प्लस दाबलं.

व्हायोलिनचा आवाज कमी झाला.

तिने मायनस दाबलं. वाढला.

"अय्या!" ती म्हणाली.

सगळं चालत होतं, फक्त उलटं. मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. आता तारा बदलायच्या तर पुन्हा अठरा स्क्रू, पुन्हा ते 'सांगितलं होतं ना?'. त्यापेक्षा तिने केबलला लॅपटॉप लावला आणि प्रोग्रॅममधली एक ओळ उलटी केली. प्लस दाबलं, वाढला. मायनस दाबलं, कमी झाला. पाच मिनिटांत खेळ खलास. कुणाला कळलंसुद्धा नाही, या आनंदात तिने प्लग काढला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

"बाबा, झालं. उद्या वाजवून बघता?"

"छे!" बाबा म्हणाले. "पाहुणा आल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. रविवारपर्यंत कुणी हात लावू नका त्याला." असं म्हणताना ते तिच्याकडे फार प्रेमाने बघत होते. नवराही शनिवारभर तिच्याकडे प्रेमाने बघत होता. आईंनी तर तिला न विचारता तिच्या आवडीची भाजी केली. घरातली माणसं एकाएकी इतकी प्रेमळ झाली की सूनबाई जरा दचकलीच. पण तिने ते यशाच्या खात्यावर जमा केलं.

शनिवारी ती ऑफिसातून आली तेव्हा रिमोटवर दोन कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. आईंना लेबलांचं वेड होतं. डबे, बाटल्या, औषधं, चपलांचे खण, सगळ्यांवर त्यांची टपोऱ्या अक्षरातली लेबलं असत. रिमोटच्या एका बटणावर आता 'जास्त' होतं आणि दुसऱ्यावर 'कमी'.

"बाबांना चष्म्याशिवाय दिसावं म्हणून हो ना आई?" तिने कौतुकाने विचारलं.

"हो हो, त्यासाठीच," आई म्हणाल्या आणि विणकामात डोकं घातलं.

रविवारी ठरल्या वेळी ऑपरेटरकाका आले. उंच, सडसडीत, आणि बोलताना एक डोळा अर्धा मिटायची सवय. आल्या आल्या त्यांनी बाबांना मिठी मारली आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "काय, माशी कशी आहे?"

"बस तू. आज तुला रिमोटवर ऐकवतो. सुनेने केलाय," बाबा म्हणाले. हे म्हणताना त्यांची मान अशी ताठ झाली, की सूनबाईला भरून आलं आणि त्याच वेळी पळून जावंसंही वाटलं.

दोघांची कसोटीची एक टेप होती. एका सकाळी रिकाम्या थिएटरात दोघांनी मिळून ध्वनिमुद्रित केलेली. आधी गालिच्यावरची पावलं, मग काडी ओढल्याचा आवाज, मग बराच वेळ नुसती शांतता आणि शेवटी मध्यंतर संपल्याची घंटा. त्या शांततेत माशी ऐकू येते की नाही, यावर तीस वर्षांचं भांडण उभं होतं.

"अगं, आवाज तेवढा मधोमध लावून ठेव. हे शेवटचं उठवतोय तुला," बाबा म्हणाले. आईंनी नॉब मधोमध आणला. बाबांनी रिमोट काकांच्या हातात दिला, त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले, आणि काकांनी समजल्यासारखी मान हलवली.

टेप सुरू झाली. पावलं आली. हॉलमधून कुणीतरी चालत गेलं असं वाटून सूनबाईने दाराकडे पाहिलं. मग काडी. खर्रर्र. इतकी स्पष्ट, की आईंनी नकळत हवेत फुंकर मारली.

"वा!" काका म्हणाले. मग शांतता सुरू झाली. काका कान देऊन ऐकत राहिले. "अजून तरी ऐकू येत नाही... बरं, आता ती घंटा येईल. वहिनींचे कान जातील. मी जरा कमी करून ठेवतो."

त्यांनी रिमोट रोखून बटण दाबलं. भिंतीशी तो बशीएवढा नॉब, कुणाचाही हात न लागता, आपला आपण फिरू लागला.

"फिरला! आपोआप फिरला!" आईंनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने शिट्टी मारली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दृश्य होतंच तसं. फक्त एक गोष्ट सूनबाईशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही, ती म्हणजे नॉब कुठल्या दिशेला फिरतोय.

तो जास्तकडे फिरत होता.

टेपमध्ये शांतता असल्यामुळे आवाज काही वाढल्यासारखा वाटेना. नुसती टेपची सळसळ जराशी मोठी झाली.

"काका," सूनबाई म्हणाली, "ते... दुसरं बटण. कमी. कमीवालं दाबा."

काकांनी तिच्याकडे बघून एक डोळा मिटला आणि तेच बटण आणखी घट्ट दाबलं.

"काका, कमी!"

"असू दे गं बाळ," बाबा म्हणाले आणि त्यांनीही डोळा मिटला.

"अगं, काळजी करू नकोस, बरोबर आहे सगळं." हा नवरा. त्याने अंगठा वर केला.

"लेबलं लावलीत ना मी! वाचता येतं त्यांना," आई म्हणाल्या.

चार माणसं चार बाजूंनी तिला धीर देत होती आणि नॉब शांतपणे शेवटच्या खुणेकडे निघाला होता. सूनबाईने तोंड उघडलं. "अहो काका, घं..."

आणि घंटा झाली.

तिला घंटा म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं आहे. आठशे माणसांना बाहेरच्या कॅन्टीनमधून उठवून खुर्च्यांवर आणून बसवायला बनवलेली ती घंटा, एका बारा बाय अठराच्या खोलीत, पूर्ण आवाजात. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ड्रॉवरमधले चमचे नाचले. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची सगळी कबुतरं एकदम उडाली आणि त्यातली काही म्हणे परत आलीच नाहीत.

पुढचं सूनबाईने पाहिलं ते जेवणाच्या टेबलाखालून. ती तिथे केव्हा आणि कशी गेली हे तिला आजतागायत सांगता येत नाही. कानांवर हात, हनुवटी गुडघ्यांत. टेबलाखालून फक्त पाय दिसत होते. काकांचे बूट जागच्या जागी उड्या मारत होते. आईंच्या सपाता गोल गोल फिरत होत्या. नवऱ्याचे पायमोजे दिसत नव्हते, कारण तो सोफ्यावर चढला होता.

आणि मग खुर्चीपाशी दोन अनवाणी पावलं जमिनीवर टेकली. काठी नव्हती. एक पाऊल. दोन. तीन. सूनबाई श्वास रोखून बघत राहिली. सहा. सात.

घंटा खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. बाबा हाताने नॉब मागे ओढत होते आणि मोटर इमानेइतबारे पुढे ढकलत होती.

"अरे सोड! सोड ते बटण!" बाबा ओरडले.

काकांनी रिमोटच टाकला. घंटा थांबली. खोलीत जी शांतता पसरली तिच्यात सगळ्यांना आपापल्या कानात वेगवेगळ्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"तूच म्हणालास ना, उलट आहे म्हणून!" काकांचे बूट बोलले. "फोनवर सांगितलंस, आत्ता कानात सांगितलंस. कमी करायचं असेल तर जास्त दाब. आणि सुनेला कळू देऊ नकोस!"

"आहेच उलट!" बाबांची पावलं म्हणाली. "शुक्रवारी पॅसेजमधून ऐकलं मी. व्हायोलिन कमी झालं, मग वाढलं, मग ही 'अय्या' म्हणाली. चाळीस वर्षांचे कान आहेत हे. म्हटलं, पोरीने एवढ्या हौसेने केलंय, उलट तर उलट. आपण लक्षात ठेवू."

सोफ्यावरून पायमोजे खाली उतरले. "अहो बाबा, पण ते मी काल सुलट केलं ना! तिचं 'अय्या' मीही ऐकलं होतं. ती ऑफिसला गेल्यावर पेटी उघडली आणि मोटरच्या तारा बदलल्या. तुम्ही झोपला होतात म्हणून वाजवून नाही बघितलं."

"तू पेटी उघडलीस?" बाबा.

"एक स्क्रू उरलाय," पायमोजे हळूच म्हणाले.

"तारा बदलल्यास?" सपाता थबकल्या. "अरे मेल्या, मग मी लेबलं कशाला उलटी लावली? शुक्रवारी स्वयंपाकघरातून मीही बघत होते. म्हटलं, जास्तच्या जागी कमी चिकटवलं की झालं. तिला काय कळतंय!"

तेवढ्यात टेबलाखालून एक बारीक आवाज आला.

"मी शुक्रवारीच प्रोग्रॅममध्ये सुधारलं होतं."

सगळे दचकले. आजवर त्या घरात सूनबाईला दचकलेलं कुणी नव्हतं, त्यामुळे क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?" तिने विचारलं. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

 मग आईंच्या सपाता टेबलापाशी आल्या.

"तुला वाईट वाटलं असतं गं," आई म्हणाल्या. "तीन दिवस धड जेवली नव्हतीस."

 टेबलाखाली रडायला जागा पुरेशी नव्हती, म्हणून सूनबाईने नुसतं नाक ओढलं.

"थांबा, मला मोजू दे," आई म्हणाल्या. विणकाम करणाऱ्या बाईला हा हिशेब अवघड नव्हता. "मूळचं उलट. हिने सुलट केलं. ह्याने उलट केलं. मी पुन्हा सुलट केलं. म्हणजे आत्ता जे आहे ते बरोबर आहे. जास्त म्हणजे जास्तच."

"आणि बाबांनी?" नवऱ्याने विचारलं.

"ह्यांनी यंत्राला हात नाही लावला. ह्यांनी पाहुणा उलटा केला."

काका खुर्चीत बसले. बूट पेटीकडे वळले. मग म्हणाले, "एक सांगू? घंटेच्या आधी मी नॉब पार टोकाला नेला होता, आणि मला नुसती टेपची सळसळ ऐकू आली. माशी नाही रे तुझ्या पेटीत. कधीच नव्हती बहुतेक."

 बाबा भिंतीला धरून, काठीशिवाय, पेटीवर हात ठेवून उभे राहिले. सूनबाईला फक्त पावलं दिसत होती, पण पावलांवरूनसुद्धा माणूस खूष झालेला कळतो.

"माशी नसेल," आई म्हणाल्या, "पण माझ्या कानांत आता मधमाश्यांचं पोळं बसलंय. आणि तुम्हाला चालता येतं हेही दिसलं सगळ्यांना. ते काही नाही. हे पेटाड उद्या जाणार म्हणजे जाणार!"

पावलं एकदम खचली. सूनबाई टेबलाखालून बाहेर यायला निघाली होती, ती होती तिथेच थांबली. तीन दिवस, अठरा स्क्रू आणि इतक्या माणसांची इतकी माया होऊनही पेटी जाणारच होती.

त्याच वेळी उघड्या दारातून एक जोड चकचकीत बूट आत आले. मागे आणखी पाच-सहा जोड. त्यांतल्या एकाच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्यात बूट.

"आग कुठे आहे?" बिल्डिंगचे सेक्रेटरी धापा टाकत विचारत होते.

"आग नाही, घंटा होती. ह्या पेटीतली," नवरा म्हणाला.

"ह्या पेटीतली?" सेक्रेटरींचा आवाज बदलला. "अहो, सबंध बिल्डिंग खाली अंगणात उतरली आहे! चार मिनिटांत! चौथ्या मजल्यावरचे वकील टॉवेलवर आलेत. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडातला थर्मामीटर पेशंटसकट घेऊन आल्या. दोन वर्षं झाली, आपला आगीचा अलार्म बंद पडलाय. चार सभा झाल्या त्यावर. काय हो वहिनी, तुम्हीच मागच्या सभेत उभं राहून म्हणालात ना, अलार्म बसवल्याशिवाय मी खाली बसणार नाही?"

"म्हणाले होते," आई बारीक आवाजात म्हणाल्या.

"मग मिळाला की! कमिटीतर्फे सांगतो, हे यंत्र आता इथून हलता कामा नये. आजच रजिस्टरात नोंद करतो."

आईंनी पेटीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, दारातल्या पाच-सहा जोड बुटांकडे पाहिलं. आणि विणकाम उचलून खुर्चीत बसल्या. सभेत स्वतःच मांडलेला ठराव स्वतःच भंगारात घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"पण कुणी केलं हो हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझ्या सुनेने!" बाबा म्हणाले. सबंध बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, रिमोटशिवाय.

"वा वा! कुठे आहेत त्या?"

 टेबलाभोवतीचे सगळे पाय हळूहळू टेबलाकडे वळले. सेक्रेटरी खाली वाकले. सूनबाईने त्यांना बसल्या जागेवरून नमस्कार केला आणि डोकं वर टेबलावर आपटून घेतलं.

मंगळवारी जिन्यातल्या फळ्यावर कमिटीची नोटीस लागली.

'आगीची सूचना मिळाल्यास पुढीलप्रमाणे वागावे. एक: लिफ्ट वापरू नये. दोन: सामान गोळा करत बसू नये. तीन: अंगणात जमून सर्वांची मोजणी करावी. चार: मोजणीत एक व्यक्ती कमी भरल्यास घाबरू नये. दुसऱ्या मजल्यावर हॉलमधील टेबलाखाली पाहावे. (सदर यंत्र त्यांनीच बनविले आहे.)'